ऊन तिकडे चांगलं पडतं

वासंतीने ओल्या कपड्यांची बादली स्कूटरवर पायांशी ठेवली, हेल्मेट घातलं आणि नवऱ्याला विचारलं, "आज तुमचे किती बनियन गावाला दाखवायचेत?"

"हळू बोल," मधुसूदन पाटणकर म्हणाले. "वॉचमन ऐकतोय."

"ऐकू दे. रोज बघतोच आहे."

पाटणकर ऐश्वर्य हाइट्स सोसायटीचे अध्यक्ष होते आणि चाकणच्या एका जपानी कंपनीत क्वालिटी मॅनेजर. दोन्हीकडे त्यांचं काम एकच, दुसऱ्याच्या कामातली खोट काढणं. सोसायटीसमोरचा रस्ता म्हणजे हद्द होती. रस्त्याच्या अलीकडे महापालिका, पलीकडे गाव आणि ग्रामपंचायत. अलीकडे महापालिकेची शाळा, पलीकडे जिल्हा परिषदेची. दोन्ही शाळांचे फुटबॉलचे संघ एकमेकांना पाण्यात पाहत. गावात ज्यांना मुलांची नावं आठवत नसत, त्यांना मागच्या सामन्यातले गोल पाठ होते.

दोन वर्षांपूर्वी पंधरा ऑगस्टला अध्यक्षांना भाषणाच्या भरात तत्त्व सुचलं होतं. "आपल्या हद्दीतली शाळा ती आपली शाळा," ते म्हणाले होते. "आणि आपल्या शाळेत आपल्याच हद्दीतली मुलं हवीत." टाळ्या इतक्या पडल्या की त्यांना स्वतःच्या मुलीला, ओवीला, खासगी शाळेतून काढून महापालिकेच्या शाळेत घालावंच लागलं. मागोमाग सोसायटीतली आणखी मुलं आली. शाळेनेही अध्यक्षांचा शब्द मानला आणि हद्दीबाहेरच्या मुलांना प्रवेश बंद केला. ओवी तिथे रमली, फुटबॉलच्या संघात गोलकीपर झाली. गुडघे फोडून घ्यायची आणि आनंदात असायची. बापाला गुडघे तेवढे दिसायचे.

मग तो व्हिडिओ आला. गावच्या शाळेतली पोरं कंपनीच्या जपानी साहेबांशी चक्क जपानीत बोलत होती. पाटणकरांनी तो जेवताना पाहिला आणि घास हातातच राहिला. त्यांनी स्वतः जपानीचे क्लास करता करता केस पांढरे केले होते आणि प्रमोशन मात्र दुसऱ्याच्या घरी गेलं होतं. आता ओवी तरी त्या शाळेत गेलीच पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. तत्त्वाचं काय, असं वासंतीने विचारलं तेव्हा ते म्हणाले, "तत्त्व सोसायटीसाठी आहे."

गावच्या शाळेत प्रवेश फक्त रहिवाशांना होता. शाळा समितीचे अध्यक्ष हिंदुराव यांच्या मालकीची चाळही गावातच होती, हा शिक्षणाच्या दृष्टीने मोठाच योग. पाटणकरांनी गुपचूप एक खोली भाड्याने घेतली.

"खोली घेतली म्हंजी रहिवासी झाला न्हाई सायेब," हिंदुराव म्हणाले. "ऱ्हाताना दिसाय पायजे. आमची सोजराबाई समितीत हाय. ती दोरीवरचे कपडे बघती. ज्याचे कपडे वाळत्यात, त्यो रहिवासी."

पाटणकरांना ही पद्धत गावंढळ वाटली आणि त्यामुळेच सोपी वाटली. एक जुना निळा शर्ट दोरीला अडकवून ते निश्चिंत झाले. पुढच्याच आठवड्यात सोजराबाईने त्यांना रस्त्यात गाठलं.

"काय वो, एकाच शर्टावर ऱ्हाताय व्हय?"

"नाही, बाकीचे... इस्त्रीला आहेत."

"आन् बाईमानसाचा एकबी कपडा न्हाई. बायको नांदत न्हाई का?"

दोन दिवसांत गावभर झालं की समोरच्या बिल्डिंगमधल्या साहेबाला बायकोने घराबाहेर काढलंय, बिचारा एका शर्टावर चाळीत राहतो. भाजीवालीने वासंतीला दोन गोष्टी समजुतीच्या सांगितल्या आणि कोथिंबीर फुकट दिली. त्या दिवसापासून घरातलं सगळं धुणं रोज सकाळी रस्ता ओलांडून गावात वाळायला जाऊ लागलं. वासंती बादली अशी आपटायची की खालच्या मजल्यावरचे लोक वर बघायचे.

सोसायटीत विचारणा होणारच होती. सेक्रेटरी धनेश यांनी लिफ्टमध्ये बादलीकडे पाहून विचारलं, "काय पाटणकर, कपडे घेऊन कुठे?"

पाटणकरांना स्वतःचाच नियम आठवला. बाल्कनीत कपडे वाळत घालू नयेत, सोसायटीची शोभा जाते, अशी पाटी त्यांनी स्वतःच्या सहीने प्रत्येक मजल्यावर लावली होती. "नियम म्हणजे नियम," ते म्हणाले. "शिवाय ऊन तिकडे चांगलं पडतं."

"ऊन?"

"हो. मोकळं असतं ना गावाकडे. कपड्यांना वास येत नाही."

धनेश मान हलवत निघून गेले. त्याच आठवड्यात चाळीच्या दोरीवर वासंतीला धनेशच्या बायकोचा पंजाबी ड्रेस दिसला. खाली बादली घेऊन धनेशच उभे होते. "तुम्ही म्हणालात तसंच आहे," ते नजर चुकवत म्हणाले. "ऊन खरंच फार चांगलं पडतं."

महिना सरला तेव्हा हिंदुरावांना चाळीत जादा दोऱ्या बांधाव्या लागल्या. रोज सकाळी स्कूटरी बादल्या घेऊन रस्ता ओलांडत, आणि कंपनीच्या बसमधली पहिल्या शिफ्टची माणसं खिडकीतून विचारत की या बिल्डिंगला पाणी नाही का. दोरीपाशी सगळे एकमेकांना भेटत आणि उन्हाबद्दल बोलत. शिकलीसवरलेली, कर्ज काढून फ्लॅट घेतलेली ही माणसं. शाळेचं नाव कोणी काढलं नाही. खोटं बोलण्यात एकी असली की लाज वाटत नाही, आणि या सोसायटीत एरवी लिफ्टच्या दुरुस्तीवरही एकी होत नसे.

सव्वीस जानेवारीला हिंदुराव चषक होता. मैदान गावच्या शाळेचं आणि सामना त्याच दोन शाळांचा. आदल्या दिवशी हिंदुरावांनी पाटणकरांना चहाला बोलावलं.

"परवाला समितीची बैठक हाय. तुमच्या पोरीचं नाव पयलं धरलंय," ते म्हणाले. "फकस्त एक अडचन हाय. पोरगी आपल्या गावची रहिवासी आन् उद्या आपल्याच गावाला गोल करू द्यायची न्हाई. लोक काय म्हनतील?"

पाटणकर समजायचं ते समजले. घरी येऊन त्यांनी ओवीला जवळ बसवलं.

"उद्या पोटात दुखतंय म्हणून सांगितलं तर?"

"नाही दुखत," ओवी म्हणाली.

"बरं, मग खेळ. पण एखादा गोल गेला तर काही बिघडत नाही बाळा."

"मुद्दाम?"

"मुद्दाम असं नाही. जरा उशिरा उडी मारायची."

"आणि मग माझ्या टीमला काय सांगू?" ओवीने विचारलं. पाटणकरांनी जपानी भाषेचं भविष्य समजावून सांगितलं. ते संपायच्या आधीच ती उठून बूट पुसायला गेली होती.

सकाळी मैदानाच्या एका बाजूला गावाचा मांडव होता. नव्या रहिवाशांना हिंदुरावांनी मानाने बोलावून भगवे फेटे बांधले आणि पुढच्या खुर्च्यांवर बसवलं. पाटणकरांनी डावीकडे पाहिलं, तर फेट्यात धनेश. उजवीकडे पाहिलं, तर फेट्यात सोसायटीचे खजिनदार. मागे त्यांच्या बायका. ऐश्वर्य हाइट्स सगळीच्या सगळी गावच्या मांडवात बसली होती. समोरच्या बाजूला, जिथे महापालिकेच्या शाळेसाठी सतरंजी अंथरली होती, तिथे वासंती एकटी बसली होती. मैदानात त्या शाळेकडून खेळणारी निम्मी पोरं या मांडवातल्या लोकांची होती. ती अधूनमधून मोकळ्या सतरंजीकडे बघत आणि मग मांडवाकडे बघत. फेटेवाले तेवढ्यापुरते मोबाइलमध्ये बघत.

गोल होईना. ओवी वेळेवर उड्या मारत होती. पाटणकरांना प्रत्येक उडीला घाम फुटत होता. अगदी शेवटी गावाला पेनल्टी मिळाली आणि ती मारायला हिंदुरावांचा नातू गणराज पुढे आला. हिंदुराव पाटणकरांच्या कानाशी वाकले.

"आता बगू, रहिवासी कुनाचा हाय ते."

ओवीने गोलमध्ये उभं राहून एकदा बापाकडे पाहिलं. त्यांच्या डोक्यावर फेटा होता, आणि त्या फेट्याखाली आपण काय दिसत असू, हे पाटणकरांना पहिल्यांदाच कळलं. त्यांना स्वतःची शिसारी आली. गणराजने चेंडू मारला. ओवी डावीकडे झेपावली आणि चेंडू तिच्या पंजाला लागून बाहेर गेला.

"अडवला!" पाटणकर खुर्चीवर उभे राहून ओरडले. सगळा मांडव त्यांच्याकडे बघू लागला. आता बसायची सोय उरली नव्हती. फेटा सुटून गळ्यात आलेला, अशा अवस्थेत ते मैदान ओलांडून पलीकडे धावले आणि वासंतीशेजारी सतरंजीवर बसले.

"या," वासंती म्हणाली. "इकडेही ऊन आहेच."

सामना बरोबरीत सुटला. बक्षीस द्यायला आलेले जपानी साहेब निघाले, तेव्हा गावच्या पोरांनी एका सुरात जपानीत निरोप दिला. पाटणकर दचकले. पोरं म्हणत होती, 'या, आत या, बसा.' तेच वाक्य व्हिडिओत होतं, आणि पोरांना तेवढंच येत होतं. पाटणकरांना ते व्हिडिओतही कळायला हवं होतं. एवढे क्लास करून ते कळलं नाही, म्हणजे प्रमोशन योग्य माणसाच्या घरी गेलं होतं.

ओवी आपल्याच शाळेत राहिली. पाटणकरांनी खोली सोडली आणि धुणं घरी आलं. आता ते वाळवायचं कुठे, हा प्रश्न होता, कारण मजल्यावर त्यांच्याच सहीची पाटी होती. वासंती ते बेडरूममध्ये पंख्याखाली वाळवू लागली, आणि पाटणकर ओलसर बनियन घालून कंपनीत जाऊ लागले.

एका रविवारी ते बाजारातून परतले तर सोसायटीची मंडळी खाली उभी राहून वर बघत होती. त्यांच्याच बाल्कनीत एक लांबलचक पांढरं धोतर वाळत होतं. शेजारी बंडी, आणि गणराजची फुटबॉलची चड्डी.

पाटणकर धावत वर गेले. आत सोफ्यावर हिंदुराव चहा पीत होते. वासंती त्यांना बिस्किटं देत होती.

"हे काय?" पाटणकरांनी विचारलं.

"पोरगं आडून बसलंय," हिंदुराव म्हणाले. "म्हनतंय, पेनल्टी अडवनारी जिथं शिकती तिथंच जायचं. आन् तुमच्या शाळंत हद्दीतलीच पोरं घेत्यात म्हनं. तुमीच तर नियम केलाय."

"पण बाल्कनीत... अहो, पाटी आहे. सोसायटीचा नियम—"

"वहिनींनी दिलीय बाल्कनी भाड्यानं."

वासंतीने कप उचलले. "ओवीने सांगितलंय, गणराज पेनल्टी चांगली मारतो," ती म्हणाली. "टीमला हवाच आहे."

तेवढ्यात खालून धनेशची हाक आली. "पाटणकर, हे धोतर कोणाचं? इथे कोण राहतं?"

पाटणकर बाल्कनीत गेले. खाली अख्खी सोसायटी माना वर करून उभी होती. ओलं धोतर वाऱ्याने त्यांच्या तोंडावर बसलं. ते बाजूला सारेपर्यंत हिंदुराव चहाचा कप घेऊन शेजारी येऊन उभे राहिले आणि खाली वाकून म्हणाले,

"आमचंच हाय. म्हटलं, ऊन तुमच्याकडं चांगलं पडतंय."