आधी नाव, मंग पैसे

आष्टीच्या भर बाजारात दर रविवारी मी एका परक्या बाईचं नाव घेऊन ओरडत असे. मी शाळामास्तर, पन्नाशीला टेकलेला, चारचौघांत मान असलेला माणूस. हे सगळं किसनकाकांमुळे.

किसनकाकांची पिठाची गिरणी. दळण झालं की मी मोबाइल काढून क्यूआर स्कॅन करायचो, आणि पैसे पाठवणार तेवढ्यात काका पिठाचा हात आडवा घालायचे. "आधी नाव, मंग पैसे. वाचा बराबर."

मोबाइलवर 'कौसल्या' असं नाव यायचं. ते गिरणीच्या घरघरीवरून काकांच्या कानी पडेल एवढ्या मोठ्यानं वाचायचं. हळू वाचलं तर पुन्हा. एकदा मी असा खच्चून ओरडलो, तर रस्त्यावरची भाजीवाली "काय हो गुरुजी?" करत आत आली. तिचं नाव कौसल्या निघालं. ही बातमी माझ्याआधी घरी पोचली आणि त्या दिवशी मला गार भाकरी मिळाली.

मी बदलीनं इथं आलेला माणूस. कौसल्या हे गिरणीचं नाव असेल, असं धरून चाललो होतो. फसवणुकीच्या भीतीनं काका एवढी खातरजमा करतात, अशीही माझी समजूत होती.

पैसे जमा झाले की बोलणारा डबा क्यूआरवाल्या कंपनीनं आधी फुकट दिला होता. पुढं त्याचं महिन्याला भाडं लावलं. काका खवळले. "लग्नात फुकट वाजवलं अन् बारशाला बिल धाडलं!" म्हणत त्यांनी डबा परत केला. तसा तो असतानाही माझी सुटका नव्हतीच. "डबा पैशे सांगतो गुरुजी, नाव कुठं घेतो?"

मग आणखी एक नियम आला. मागच्या रविवारी मी घसा खाकरून तयार झालो आणि वाचलं, "किसन गणपत!"

काकांनी गिरणी बंद केली. "बराबर वाचा."

पुन्हा तेच. त्यांनी माझा मोबाइल ओढून घेतला, त्यावर पीठ सांडलं आणि मला धरून कंपनीच्या एजंटाच्या टपरीवर नेलं. मागच्या गिऱ्हाइकाचं दळण तिकडे अर्धवट.

"काका, आता बँकेत जे नाव, तेच दिसणार," एजंट म्हणाला. "आपण मनानं टाकलेलं नाव चालत न्हाई. फसवाफसवी लई होऊन राह्यली."

"म्या कोनाला फसवलं?"

मला राहवलं नाही. "अहो काका, पैसे तुम्हालाच मिळतात ना? मग नावाचं काय घेऊन बसलात?"

परतताना रस्त्यात काका म्हणाले, "कारभारीन गेली माझी. जित्ती होती तवा नावानं हाक न्हाई मारली कधी. 'आईकलं का' म्हनायचो. आमच्यात तसंच. एजंटानं नाव विचारलं तवाबी रेशन कार्डावर बोट ठिवलं. मला घेता येईना, म्हनून लोकायकडून घेत होतो."

मला फार वाईट वाटलं. आणि गार भाकरीचा रागही विसरता येईना.

या रविवारी मी गेलो. क्यूआर स्कॅन केला. मोबाइलवर 'किसन गणपत' होतं. काकांनी हात आडवा घातला नाही, वर बघितलंही नाही. मी सगळी ताकद लावून ओरडलो, "कौसल्या!"

मागं दळणाचा डबा घेऊन उभी असलेली, गावात नवीच आलेली कुणाची तरी सूनबाई माझ्या मोबाइलमध्ये डोकावली. "गुरुजी, हितं तर किसन आलंय. कौसल्या कोन?"

मी काकांकडे पाहिलं. काकांनी उपरण्यानं तोंड पुसलं. मिशीवरचं पीठ गेलं नाही.

"माझी कारभारीन," ते म्हणाले. मग थांबले, आणि नव्या नवरदेवासारखे लाजून बोलले, "कौसल्या."

गिरणी चालूच होती, तरी आम्हा दोघांनाही स्पष्ट ऐकू आलं.