घमेल्याखालचा उजेड

दसरा झाला की हिवरदरा ऊसतोडीला जातं आणि घराघराच्या किल्ल्या शहादेवच्या गळ्यात पडतात. गुडघे गेलेला माणूस, कोयता चालत नाही, मग राख गाव. काम एकच. दिवस मावळला की प्रत्येक दारातला बल्ब लावायचा, म्हणजे चोराला वाटावं, घरात माणसं आहेत. माणूस घरी असला की झोपताना बल्ब विझवतो. नसला की तो रातभर जळतो. यंदा पावसानं दगा दिला, कधी न जाणारेही गेले, आणि गाव लग्नघरासारखं उजळलं.

तेवढ्यात मागं राहिलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी मागितलेला पाण्याचा टँकर नामंजूर झाला. सरपंच छबुबाई शहादेवला घेऊन बीडच्या कचेरीत धडकल्या.

टँकर मंजूर करणाऱ्या अनिलसाहेबांनी संगणकावर काळा नकाशा दाखवला. "उपग्रहानं रात्री टिपलाय. दुष्काळानं कंबर मोडली की गावाचा उजेड घटतो. तुमचा वाढलाय. भरभराट आहे, बाई."

"चार म्हातारी सोडली तर गावात माणूसच न्हाई, साहेब," शहादेव म्हणाला.

"मग बल्ब कशाला?"

"माणूस न्हाई म्हणूनच की."

साहेबांनी त्याच्याकडे दयेनं पाहिलं. नकाशा वाचता आला की गाव बघावं लागत नाही, या एका समजुतीवर कितीतरी पगार निघतात.

"शहादेवभाऊ, इझवा समदे," बाहेर येताच छबुबाई म्हणाल्या.

पुढच्या नकाशात हिवरदरा गायब. साहेब हादरले. 'तीव्र आर्थिक धक्का' असा शेरा मारून त्यांनी टँकर सोडला. तो निघाला दिवेलागणीला, आणि पोचलाच नाही. शहादेवनं ड्रायव्हर गहिनीनाथला फोन लावला.

"कावून बे, गाव घावलं न्हाई तुला?"

"काका, डोळ्यात बोट घातलं तरी दिसंना. पुढच्या वाडीत उजेड हुता, तिथल्या हिरीत ओतून आलो."

फोन ठेवतो तोच उसाच्या फडातून पुतण्या नवनाथचा आला. "काका, बल्ब लावताव ना?"

"लावतो की," शहादेव म्हणाला आणि अंधारात रिकाम्या हंड्याला ठेचकाळला.

बल्ब लावावा तर टँकर बंद. विझवावा तर टँकर दुसऱ्याच्या विहिरीत, वर चोरांना आवतण. सकाळी तो छबुबाईंच्या अंगणात डोकं धरून बसला. समोर एक घमेलं उपडं पडलं होतं. त्यानं घमेल्याकडे बघितलं, मग आभाळाकडे.

संध्याकाळपर्यंत गावातल्या प्रत्येक बल्बाच्या डोक्यावर घमेलं होतं. उंबरा उजळला, रस्ता उजळला, वर मिट्ट अंधार. गहिनीनाथ नाकासमोर गाडी हाकत आला.

महिन्याभरानं साहेब स्वतः जीपनं आले, तालुक्यातलं सगळ्यात काळं गाव बघायला. स्वारी खुशीत होती. "बघा, उपग्रह चुकत नाही." मग मान वर गेली. "ही घमेली कशाला?"

शहादेवनं पाण्याचा तांब्या पुढं केला. "वरून लई नजर लागती, साहेब."

साहेब पाणी प्यायले आणि अंधश्रद्धेवर अर्धा तास बोलले. शहादेवनं भरल्या हंड्यांना टेकून सगळं ऐकून घेतलं.