दोनशे रुपये प्लेट

रफिकला रुपयांतला भाव कळत नाही. म्हणजे कळतो, पण पटत नाही. केळी चाळीस रुपये डझन म्हटलं की तो आधी तोंडातल्या तोंडात पुटपुटतो आणि मग गाडीवाल्यावर ओरडतो, "पाचवा हिस्सा प्लेट! केळी शेतस का सोनं?" सगळ्या शहाद्यात केळीवरून भांडणारा हा एकटाच.

प्लेट म्हणजे सोलरची प्लेट. रफिक लोकांच्या गच्च्यांवर त्या बसवतो. लोखंडी सांगाडा उभा करायचा, प्लेट चढवायची, वायर खाली आणायची, की प्लेटमागे त्याच्या हातात दोनशे रुपये. त्यामुळे सगळं जग त्यानं प्लेटांत मोजून ठेवलं आहे. खोलीचं भाडं साडेबारा प्लेटा. गॅस साडेचार. बायकोची सोनोग्राफी सहा. "आनि ती मशीन पाच मिनिट फिरावतस, काका! पाच मिनिटमा सहा प्लेटा!" पावसाळ्यात काम नसतं. तेव्हा तो भावच विचारत नाही, दुकानांसमोरून नुसता शिव्या देत जातो.

त्याचा दुसरा शत्रू सावली. प्लेटवर सावली पडली की वीज कमी होते, म्हणून गच्चीवर पाय ठेवताच तो शेजाऱ्यांशी भांडण काढतो. "ही टाकी कोन्ही शे? हटाडा!" माझ्या गच्चीवर आला तेव्हा मी कौतुकानं बघत उभा राहिलो, तर मलाच म्हणाला, "काका, सरका. तुम्हनी सावली पडी ऱ्हायनी."

रागात मीही कुणाला हार जात नाही. चौतीस वर्षं एसटीत काढली, शहाद्याच्या स्टँडवरून गाड्या सोडल्या. पाच मिनिटं उशिरा आलेल्या ड्रायव्हरला मी भोंग्यावरून, सगळ्या प्रवाशांसमक्ष, झाडत असे. तेव्हा आठ प्लेटा बसवायला आलेला हा माणूस भर मे महिन्यात रोज पावणेबाराला गायब होऊन दीडला उगवतो म्हटल्यावर माझं डोकं फिरलं.

"कुठे जातोस?"

"काम शे."

"कसलं काम?"

"मन्हं."

एवढंच उत्तर. मी तडक त्याच्या ठेकेदाराला फोन लावला. तुमचा माणूस रोज दोन तास दांडी मारतो म्हणून सांगितलं. रफिकची मजुरी तासावर नसते, प्लेटवर असते, हे मला ठाऊक होतं. तो बाराला बसवो नाहीतर पाचला, माझं काय जात होतं? पण स्टँडवरची सवय. ठेकेदारानं लगेच त्याच्या तीन प्लेटांची मजुरी कापली. ती माझ्या बिलातून कमी झाली नाही. ती गेली ठेकेदाराच्या खिशात.

दुसऱ्या दिवशी रफिक आला आणि ओरडलाच नाही. कुणाच्या टाकीवर नाही, माझ्यावर नाही. मुकाट्यानं नट आवळत बसला. दोन दिवस असं चाललं. तो ओरडत होता तेव्हा बरं होतं, आता मला चैन पडेना. तिसऱ्या दिवशी पावणेबाराला त्यानं सायकल काढली तसा मीही स्कूटर काढली.

खेतिया रस्त्याकडे पत्र्याच्या खोल्यांची एक रांग आहे. रफिक शिडी लावून स्वतःच्या पत्र्यावर चढला होता. दोरीनं बादली वर ओढायची, पोती भिजवायची, पत्र्यावर अंथरायची. एका टोकाचं पोतं ओलं होईपर्यंत दुसऱ्या टोकाचं वाळत होतं.

खाली खोलीत त्याची बायको शबाना ओल्या फरशीवर बसली होती. सातवा महिना. चप्पल काढून मी आत गेलो तर भट्टीत शिरल्यासारखं झालं.

"मांगला उनाळामा पोऱ्या पोटमाच गया, काका," ती म्हणाली. "डॉक्टर म्हनस, गरमीमा ऱ्हाऊ नका. तुम्हना घरना पैसा उना का कूलर लेनार व्हतात. पन शेठनी पैसा कापा."

कोणाच्या सांगण्यावरून कापले ते तिला माहीत नव्हतं. त्याला होतं.

मी तसाच बाहेर आलो आणि स्टँडवरच्या आवाजात ओरडलो, "मला सांगायला काय झालं होतं?"

"काय सांगू?" तो वरून म्हणाला. "मन्ही बायको भाजाई ऱ्हायनी म्हनून सांगू?"

मी खिशातून सहाशे रुपये काढले. त्यानं बघितलंही नाही. "शेठनी कापा, शेठच देई. तुम्हना फुकटना पैसा माले नको." मी तिथूनच ठेकेदाराला फोन केला. तो म्हणाला, तक्रार तुमचीच होती ना? खरं होतं. अशा वेळी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दुसरं काही सुचेना, म्हणून शिडी चढलो आणि पत्र्यावर पाय टाकला. दोन दिवस न ओरडलेला रफिक एकदम ओरडला. "काका! चप्पल कोठे शे? पाय जळी जाई ना!" आणि त्यानं खाली शबाना बसली होती नेमकं तिच्या डोक्यावरचं ओलं पोतं ओढून माझ्या पायाखाली घातलं.

मी ते परत जागेवर सरकवलं, खाली उतरलो आणि शबानाला हळूच म्हटलं, "आमना घरना कूलर धाडी देसू. त्याले सांगू नको."

"त्यासले कळी जाई, काका. लई वरडतीन."

"वरडू दे," मी म्हटलं. "मी बी वरडसू."