बन्सी टँकरवाल्याची नाबाद खेळी

त्या उन्हाळ्यात दुष्काळामुळे मोठ्या लीगचे सामने राज्याबाहेर हलवण्यात आले. पैठण रोडवरच्या समृद्धी पार्क कॉलनीने या निर्णयाचे जाहीर स्वागत केले आणि घरी जाऊन सगळे हळहळले. कॉलनीचे अध्यक्ष व्यंकटराव सकाळी "क्रिकेटचा नुसता बाजार झालाय" म्हणत आणि रात्री टीव्हीपुढे बसून कोणता खेळाडू किती कोटींना गेला ते तोंडपाठ सांगत. अशी दोन्हीकडून ओढाताण होऊ लागली, तेव्हा कॉलनीने स्वतःचीच लीग काढली. गल्लीगणिक एक संघ आणि खेळाडूंचा रीतसर लिलाव.

शिवराज बिडकीनच्या कंपनीत कामाला होता. त्याचा ऑफस्पिन भल्याभल्यांना कळत नसे. त्याला त्याच्याच पाचव्या गल्लीने मूळ किमतीत उचलले, तेही घासाघीस करून. सगळ्यात मोठी बोली लागली बन्सीवर. बन्सी कॉलनीच्या पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर. त्याने जन्मात बॅट धरली नव्हती. पण तो ज्या गल्लीचा खेळाडू त्या गल्लीत टँकर आधी जाणार, एवढे क्रिकेट सगळ्यांनाच कळत होते. दुसऱ्या गल्लीने गणपतीची शिल्लक मोडून त्याला घेतले.

रविवारी सकाळी दुसरी विरुद्ध पाचवी असा सामना लागला. रिकामा टँकर सीमारेषेपाशी लावून बन्सी सलामीला उतरला. आता पेच असा, की त्याला बाद कोण करणार? जो करील त्याच्या गल्लीचे पाणी तुटणार. गोलंदाज स्टंपांपासून हातभर लांब चेंडू टाकू लागले. एक सोपा झेल उडाला, तेव्हा खालच्या माणसाने हात जोडले. षटके संपली, तशी पंच म्हणून उभ्या असलेल्या व्यंकटरावांनी ती वाढवून दिली.

ऊन चढले. बन्सी व्यंकटरावांपुढे काकुळतीला आला.

"काका, मला जाऊ द्या. टाकीवरलं गेट दुपारी बंद करतेत. मंग टँकर भरायचा कसा?"

"बन्सीराव, आयकॉन खेळाडूने मध्येच जाणे शोभत नाही."

बन्सीने बॅटने स्वतःचेच तिन्ही स्टंप पाडले. व्यंकटरावांनी ते परत रोवले आणि वाऱ्याने पडल्याचा निर्णय दिला. लिंबाचे पान हलत नव्हते.

एवढ्यात शिवराजची बायको सोनिया तान्ह्या लेकीला काखेत घेऊन थेट मैदानात आली.

"अहो, उद्या लेकीचं बारसं हाय. मावळणी येणार, मामे येणार. हौदात मांजर झोपलंय, इतका कोरडा पडलाय. आन तुम्ही टँकरवाल्याला खेळवत बसला व्हय?"

"त्याला बाद केलं तर तो पाणी द्यायचा नाय," शिवराज हळू आवाजात म्हणाला.

"आन नाय केलं तर आणायचा कवा?"

या मुद्द्याचा लीगच्या नियमावलीत विचार झालेला नव्हता. शिवराजने चेंडू मागून घेतला. क्षेत्ररक्षकांनी माना फिरवल्या. बन्सी बाजूला सरकला आणि तिन्ही स्टंप नीट दिसतील असा अदबीने उभा राहिला. चेंडू वळला आणि मधला स्टंप घेऊन गेला.

"शिवराजभाऊ, लई उपकार झाले," म्हणत बन्सी बॅट टाकून पळाला. गेट बंद व्हायच्या आत त्याने टँकर भरला आणि परतल्यावर पहिला पाइप सोडला तो शिवराजच्या हौदात.

सगळ्या कॉलनीने ते पाहिले. संध्याकाळपर्यंत फिक्सिंगची चौकशी समिती नेमली गेली. समितीचे सगळे सदस्य बारशालाही बोलावलेले होते. म्हणून बैठक तिथेच घ्यायचे ठरले. सदस्यांनी पाळण्याची दोरी ओढली, बुंदी खाल्ली, पाण्याचे तांबे रिकामे केले. मग व्यंकटरावांनी निकाल वाचला.

"एका टँकरच्या बदल्यात शिवराज यांनी फलंदाजास प्रामाणिकपणे बाद केले, हे सिद्ध झाले आहे. सबब त्यांच्यावर आजन्म बंदी."

"काका, मंग अप्रामाणिकपणे काय करायचं होतं?" शिवराजने विचारले.

"ते बाकीच्या सगळ्यांनी केलेच होते. जरा पाणी आण बाबा, घसा कोरडा पडला."

शिवराजने तांब्या आणून दिला. कॉलनीत आता पुढच्या लिलावासाठी नळ सोडणाऱ्या लाइनमनचे नाव आदराने घेतले जाते. त्याला गोलंदाजी येते का, हे अजून कुणी विचारलेले नाही.

तुम्हाला हसू आले असेल. येऊ द्या. फक्त एवढे आठवून सांगा, की तुमच्या गल्लीत टँकर थांबतो, तेव्हा ड्रायव्हरला चहा घेऊन धावणारे पहिले घर कुणाचे असते?