डावीकडचे डॉक्टर

नोला ट्रेव्हॉरोने फोटो पालथा केला आणि छापखान्यासाठी पाठीवर लिहिलं, ‘डावीकडचे डॉक्टर’. पालथ्या फोटोत डावं-उजवं बदलतं, हे तिच्या ध्यानात आलं नाही. फोटोत गळ घेतलेले दोघे होते. एक तिचा नवरा हेडली, मेंदूच्या विकारांचा डॉक्टर. दुसरा त्याचा मासेमारीतला सोबती क्लॅरी बिन्स, गावचा प्लंबर.

हेडलीला जाऊन आठ महिने झाले होते. त्याच्या नावाने मेंदूच्या संशोधनासाठी निधी उभा राहत होता. त्यासाठी ठेवलेल्या रविवारच्या चहापानाची पत्रकं पोर्ट कॅलन गावभर लागली. प्रत्येकावर क्लॅरी हसत होता आणि खाली लिहिलं होतं, ‘स्मरणार्थ’.

गावातल्यांनी हसून घेतलं. पण लांबच्या मेंढीवाल्यांना नुसता ओळखीचा चेहरा दिसला आणि खालचा शब्द. क्लॅरीच्या घरी दुखवट्याची म्हणून झाकलेली मटणाची भांडी येऊ लागली. दार तोच उघडायचा, आणि आणणाऱ्या बायकांच्या हातातलं भांडं सुटता सुटता राहायचं. लॉन बोल्स, म्हणजे हिरवळीवर चेंडू घरंगळवण्याच्या खेळाच्या, जिल्ह्याच्या क्लबाने संघातली त्याची जागा भरून टाकली. लांबच्या घरांतल्या तुंबलेल्या मोऱ्यांची कामं शेजारच्या गावच्या प्लंबरकडे गेली.

नोला शरमेने अर्धी झाली. माफी मागायला गेली, तर क्लॅरी जेवत होता.

“बस. तीन तऱ्हेचं मटण आहे,” तो म्हणाला. “जिवंत होतो तेव्हा कुणी अंडंसुद्धा दिलं नव्हतं.”

पत्रकं आजच उतरवते, असं ती म्हणाली. तो म्हणाला, राहू देत. चमचा त्याच्या डाव्या हातात होता. उजवा त्याने मांडीखाली दाबून धरलेला तिला दिसला, पण तिने विचारलं नाही.

मेलेला माणूस भाषण करणार अशी आवई उठल्यामुळे रविवारी सभागृह खच्चून भरलं. क्लॅरी माईकपाशी गेला आणि उजवा हात त्याने सगळ्यांसमोर टेबलावर ठेवला. हात थरथरू लागला. बशीतले चमचे वाजू लागले.

“चेहरा चुकून छापलाय,” तो म्हणाला. “पण ज्यासाठी हा निधी आहे, तो मेंदूचा आजार मलाच आहे. सहा वर्षं झाली. दर गुरुवारी मासे धरायला नेऊन हेडली मला गळाला आमिष लावायला बसवायचा. बोटांना व्यायाम म्हणून. मासा आम्हाला एकही लागला नाही.”

नोला जागेवरूनच म्हणाली, “आणि मी दर गुरुवारी तळत होते ते?”

“ते बंदरावरच्या दुकानातले. तुला सांगायचं नाही, असं त्याने मला बजावलं होतं.”

सभागृह हसलं. आठ महिन्यांत पहिल्यांदाच नोला हसली, इतकी की डोळे पुसायला तिला शेजारणीचा रुमाल मागावा लागला.

मग तिसऱ्या रांगेतल्या मिस पेनहॉल, शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, उठल्या. कोटाच्या खिशातून त्यांनी आपलाही थरथरता हात हळूच बाहेर काढला आणि आमिष कोणतं लावायचं, ते विचारलं. शहरातून आलेल्या संशोधक बाईंभोवती चहाच्या वेळेपर्यंत पाच जण आपापले हात दाखवत उभे होते.

नोलाने कप भरायला घेतले. सगळ्यांनाच तिने अर्धा अर्धा कप दिला, म्हणजे कुणाच्याच हातून सांडायला नको.