रोट, भाऊबंद आणि संबंध बंद असल्याचा शिक्का

सरकारी कागद मला घाबरतो! खोटं वाटत असेल तर आमच्या दोंडाईच्यात कुणालाही विचारा. तहसिलीत अव्वल कारकून म्हणून उभा जन्म काढलाय. अर्जात रिकामी जागा दिसली की माझा हात शिवशिवतो. 'लागू नाही' हे दोन शब्द तर मी इतके झोकात लिहितो की जे लागू होतं तेसुद्धा साहेब लोक विसरून जायचे! म्हणूनच आमच्या कमलबाईने मस्कतला रोट पाठवायचं काढलं, तेव्हा मी छाती ठोकून म्हणालो, "त्यात काय! एका बैठकीचं काम!"

खानदेशाबाहेरच्या मंडळींसाठी सांगून ठेवतो. श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. घरात जेवढे पुरुष, तेवढ्या सव्वा-सव्वा मुठी गहू तिच्या नावाने दळायचे आणि त्याचे रोट करायचे, म्हणजे जाड पोळ्या. आमच्या घराण्याचा नियम कडक! रोट पुनवेपर्यंत संपले पाहिजेत, भाऊबंदांनीच खाल्ले पाहिजेत आणि बाहेरच्या माणसाचा त्यांना हातसुद्धा लागता कामा नये. यंदा मस्कतला आमच्या योगेंद्रला मुलगा झालेला. म्हणजे नातवाच्या नावाची पहिलीच सव्वा मूठ! त्या रोटाचा कण त्याच्या ओठाला लागत नाही तोवर तो घराण्यात आला, असं मानायला कमलबाई तयार नव्हती. अन्नपाणी गोड लागत नव्हतं बिचारीला.

"मन्हा नातूना पहिला रोट शे," ती म्हणाली. "पुनवेना आत नही पोचना, तर मी तुम्हनासंगे बोलाव नही!"

बायको बोलणार नाही, यात धमकी कोणती, असं काही वाचक मनात म्हणतील. त्यांनी आठ दिवस अळणी भात खाऊन बघावा.

दुसऱ्याच दिवशी रोट भरलेला स्टीलचा डबा तिच्या मांडीवर, फाईल माझ्या मांडीवर, असे आम्ही रेल्वेने जळगावला पोचलो. विमानाने माल पाठवणाऱ्या एका एजन्सीचं तिथं ऑफिस आहे. काउंटरवर मोहिनी नावाची हसतमुख पोरगी होती. तिने अर्जांची चळत पुढे केली आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं!

"काका, वस्तूचं नाव?"

"रोट."

"यादीत नाहीये. बेकरी माल लिहू?"

"बेकरी?" कमलबाई ताडकन उठली. "कानबाईना रोटले बेकरी म्हनस?"

"बरं बरं, धार्मिक खाद्य. उत्पादक कोण?"

"कानबाई माता."

"एक्सपायरी डेट?"

"पूनव."

"ज्वलनशील आहे का?"

"चूलवर भाजेल शेतस ना बाई! आखो कितला जळतीन?"

मोहिनीने कपाळाला हात लावला. मी मात्र रंगात आलो होतो. पानामागून पान भरत होतो, आधार कार्ड जोडत होतो, तिने न मागितलेला रहिवासी दाखलाही मी लावून टाकला. अखेर डबा तपासणीच्या एक्स-रे यंत्रात घालायची वेळ आली. बाहेरच्याचा हात नको म्हणून कमलबाईने तो स्वतःच पट्ट्यावर ठेवला, आणि इथेच घोडं अडलं. पडद्यावर नुसता काळाकुट्ट गोळा!

सुरक्षेचे प्रमुख कुंदनसाहेब आले. चष्मा वर करून बघितलं, खाली करून बघितलं.

"आबा, यंत्राला यातलं काही दिसत नाही. नियमाप्रमाणे आमच्या माणसाने डबा उघडून, एकेक नग हातात घेऊन तपासायला हवा."

कमलबाईने डबा झडप घालून पोटाशी धरला. "हात? कोना हात? कोन्या कूळना शे तो?"

"बाई, कूळ कशाला पाहिजे? हा सरकारचा नियम आहे!"

"आनि हाऊ कानबाईना नियम शे!"

कुंदनसाहेबांनी माझ्या आधार कार्डावरचं आडनाव पुन्हा एकदा वाचलं. त्यांचा चेहरा उजळला. "अहो, याच आडनावाचा, दोंडाईच्याकडचाच एक माणूस आहे की आमच्याकडे! गिरधर, ए गिरधर!"

आतून जो बाहेर आला, त्याला बघून माझ्या हातातला पेनच गळाला. गिरधर म्हणजे माझा सख्खा चुलतभाऊ! जळगावला कसल्याशा सिक्युरिटीत आहे एवढं कानावर होतं. कानावरच, कारण आमचं बोलणं बंद होतं. काही वर्षांपूर्वी रोटाच्या पंगतीत लाल भोपळा खाताना 'गंगाफळाची भाजी जरा खारट झालीय' एवढंच तो बोलला, आणि ते कमलबाईने ऐकलं. त्या दिवसापासून त्याची कानबाई वेगळी, आमची वेगळी.

कमलबाईने एकदा गिरधरकडे पाहिलं, एकदा डब्याकडे पाहिलं. नातू जिंकला.

"भाऊबंद तो भाऊबंदच," ती नाइलाजाने म्हणाली. "उघाडू द्या त्याले."

गिरधरने बूट काढले, हात धुतले, हातमोजे चढवले. तो डब्याला हात घालणार, एवढ्यात मोहिनी ओरडली, "सर, शेवटचं पान राहिलंय! तपासणारा आणि पाठवणारा यांच्यात नातं आहे का?"

"आहे ना!" मी अभिमानाने म्हणालो. "चुलतबंधू!"

"मग गिरधरला तपासता येणार नाही," कुंदनसाहेब म्हणाले. "नात्यातल्याने नात्यातल्याचा माल तपासायचा नाही. नियम आहे."

"अहो, पण नातं नसेल तर त्याला हात लावता येणार नाही!"

"आणि नातं असेल तर मला त्याला हात लावू देता येणार नाही!"

बाहेर माल न्यायची गाडी हॉर्न मारत होती. ती चुकली की पूनव चुकली!

"कानबाई काय कागद वाचस का?" कमलबाई मला ढोसत म्हणाली. "तिले बठ्ठं माहीत शे. लिखी द्या, नातं नही!"

तिचं खरं होतं. देवीला कागद दिसत नाही आणि सरकारला कागदापलीकडचं काही दिसत नाही, मधल्या मध्ये रोट निघून गेला असता. पण माझा कारकुनी बाणा आडवा आला! सरकारी कागदावर खोटं? शक्य नाही. मी लिहिलं, 'सदर इसम चुलतबंधू असले तरी संबंध पूर्णपणे बंद आहेत.' आणि खाली झोकात सही ठोकली.

कुंदनसाहेबांनी ते वाचून भांडणाचं कारण विचारलं, मी भाजीचं सांगितलं, तसं त्यांनी डोकं धरलं. अर्जात 'आहे' आणि 'नाही' एवढ्या दोनच चौकटी होत्या. त्यांनी मुंबईला वरच्या साहेबांना फोन लावला. बराच वेळ 'हो सर, भाजी सर, भोपळ्याची सर' असं चाललं. मग फोन ठेवून ते म्हणाले, "संबंध बंद असल्याची कॅमेऱ्यासमोर खात्री करून द्या. मग मी 'नातं नाही'चा शिक्का मारतो. हं, भांडा!"

असं सांगून भांडण होतं का हो? मी घसा खाकरला. "गिरधर, तू... तू काही बरा माणूस नाहीस."

"तुम्ही बी नहीत, भाऊ," गिरधर मान खाली घालून म्हणाला.

"हे चालणार नाही," कुंदनसाहेब म्हणाले. "याला आमच्याकडे प्रेमाचं बोलणं म्हणतात."

तेव्हा कमलबाई पुढे झाली. कमरेला पदर खोचला. "गिरधरभाऊ, खरं सांगा. भाजी खारट व्हती का?"

गिरधर एक पाऊल मागे सरला. "व्हती, वहिनी."

"मन्ही भाजी खारट? तुम्हनी जीभ खारट! बठ्ठा गावनी बोटं चाटी चाटी खादी, नि तुम्हले एकलाले मीठ लागनं?"

"पाणी पी पी मन्ही रात गयी, वहिनी!"

"आणि तू योगेंद्रच्या लग्नाला का आला नाहीस रे?" आता मलाही चेव आला.

"पत्रिका पोस्टनं धाडी व्हती तुम्ही! भाऊबंदले पोस्टनं धाडतस का?"

मग काय विचारता! पार्सलं घेऊन आलेली माणसं रांग सोडून बघायला आली. मोहिनी खुर्चीवर उभी राहिली. कुंदनसाहेबांनी 'नातं नाही'वर एवढ्या जोरात शिक्का हाणला की शाईची डबी उलटली. "खात्री पटली! भरपूर पटली! तपासा आता! आणि लक्षात ठेवा, पार्सल मस्कतच्या पत्त्यावर पोचेपर्यंत संबंध बंदच राहिले पाहिजेत. फेरचौकशी होऊ शकते."

गिरधरने डब्याला नमस्कार केला आणि झाकण काढलं. तुपात भाजलेल्या रोटाचा वास दरवळला तसे त्याचे हात थांबले. कॅमेऱ्याकडे पाठ करून तो हळूच म्हणाला, "कितला साल व्हई गयात भाऊ, या वासले."

एवढ्याशा मिठापायी आपण हे काय करून बसलो! चेहरा शक्य तेवढा रागीट ठेवून मी पुटपुटलो, "पुनवेला घरी ये."

"पुन्हा तोंड दाखाडू नका माले!" कमलबाई कॅमेऱ्याकडे बघत कडाडली, आणि खालच्या आवाजात म्हणाली, "पोरेसले बी लई या."

पार्सल गेलं. मस्कतला पोचलं. आणि तिथल्या कस्टममध्ये अडकून पडलं!

पुनवेच्या दुपारी आमच्याकडे पंगत बसली. गिरधर बायकापोरांसह हजर होता. पोट बिघडलंय म्हणून ऑफिसातून रजा काढून आला होता गडी! तेवढ्यात माझा फोन वाजला.

"आबा, कुंदन बोलतोय. मुंबईहून फेरचौकशी आलीय. मी तोंडी खात्री दिली की मस्कतला लगेच पार्सल सोडतात. तुमचे आणि गिरधरचे संबंध अजून बंद आहेत ना?"

"बंद म्हणजे काय साहेब, कडेकोट बंद!" तोंडातला घास एका गालात सारून मी गरजलो. "सावलीलासुद्धा उभा करत नाही त्याला! मेलेलं तोंड बघणार नाही!"

"वहिनी," शेजारच्या ताटावरून खणखणीत आवाज आला, "आखो एक रोट वाढा वं!"

मी घाईघाईने फोनवर तळहात दाबला. कमलबाई रोट हातात धरून जागच्या जागी थिजली. नातवाचा कण गेला, गिरधरची नोकरी गेली, आणि माझा अळणी भात पक्का झाला!

"ठीक आहे आबा," कुंदनसाहेब शेवटी शांतपणे म्हणाले. "संबंध बंद, असं कळवतो. सोडतील आता पार्सल. आणि तुमचा ज्याच्याशी संबंध नाही, त्या माणसाला सांगा, पोट बिघडलंय ना, मग रोट जरा बेताने खा म्हणावं!"