नव्या प्रोसेसरचा नारळ

जुन्या कॉम्प्युटरला नवा प्रोसेसर बसवायचा, एवढंच मी ठरवलं होतं. (आमच्या घरातली सगळी संकटं 'एवढंच'नं सुरू होतात.)

ठरवलं ते बायकोसाठी. लग्नानंतर श्यामलाची शाळेतली नोकरी सुटली ती सुटलीच. आता कुठं जर्मनीतल्या मराठी पोरांना ऑनलाइन शिकवायचं काम मिळालं होतं. पहिला वर्ग रविवारी संध्याकाळी पाचला. आणि आमचा कॉम्प्युटर असा, की सराव करताना 'आई'तल्या 'आ'वर बिचारीचं तोंड उघडलं ते पडद्यावर उघडंच राहिलं! मला फार वाईट वाटलं.

रविवारी दुपारी मेहुणा जयवंता लासुर्ण्याहून मदतीला आला. तो ट्रॅक्टर दुरुस्त करतो. (मी यूट्यूब बघतो. म्हणजे दोन तज्ज्ञ झाले.) कॅबिनेट टेबलावर आडवं पाडलं, जुना प्रोसेसर काढून नवा बसवला, वर पंखा लावला, बटण दाबलं आणि काय सांगू, चालू झाला की! श्यामलानं टाळ्याच वाजवल्या.

मी झाकण लावायला घेतलं, तर जयवंतानं हात धरला.

"दाजी, नवं इंजिन बसवलं आन् नारळ न्हाय? आसं कुठं आस्तंय व्हय?"

"अरे, कॉम्प्युटर आहे हा!"

"मशीनच हाय न्हवं? आक्काचं पहिलं काम हाय. फोडा, मान तुमचा."

आक्काचं पहिलं काम म्हटल्यावर मी विरघळलो. हळद-कुंकू वाहिलं, आणि आता दगड कुठं शोधा, म्हणून नारळ कॅबिनेटच्याच लोखंडी कडेवर हाणला. एका फटक्यात फुटला. (आयुष्यात पहिल्यांदाच!) पाणी सगळं आत. 'फट्' झालं आणि पडदा काळा पडला.

"पाणी लई निघालं," जयवंता म्हणाला.

श्यामला ओरडली असती तर बरं झालं असतं. तिचे नुसते डोळे भरले. मी मोबाइल उचलला. "तू शिकव. मी धरतो."

तासभर हात ताणून उभा होतो. शिकवताना तिचा चेहरा असा खुलला होता, की खांदा दुखतोय हेही विसरलो. तेवढ्यात मला शिंक आली.

"टीचर, सगळं हललं!" ओवी नावाची चिमुरडी ओरडली. "तुमचा स्टँड जुना झालाय का? नवा घ्या ना!"

श्यामलानं माझ्याकडं बघितलं.

"जुना आहे गं. पण मला हाच आवडतो."

मी लाजलो.

"मग माझे बाबा जुन्या कॉम्प्युटरसारखं त्याला आतून नवीन करून देतील!"

"नको बाळा," श्यामला म्हणाली. "आत काही असलं, तर बदलतील ना!"